डाव्या हाताची मूठ

डावखुऱ्या नेमबाजासाठी पिस्तुलाची मूठ, म्हणजे हातात धरायचा लाकडी भाग, मिळतच नाही असं नाही. युरोपातल्या कंपन्या डाव्या हाताच्या मुठी बनवतात, त्याही लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत. पण पिस्तूल जुनं, रशियन बनावटीचं, दुसऱ्या हातचं घेतलेलं, आणि आपण राहतो चांदूर बाजार तालुक्यातल्या संत्र्याच्या बागांमधल्या गावात. अशा वेळी ती मूठ कॅटलॉगमध्ये बघायचीच वस्तू होते. माझी मूठ आमच्या गावच्या वाढईकाकांनी, म्हणजे सुतारांनी, बनवली. मला वाटतं ती विकतच्या मुठीपेक्षा चांगली झाली. कशी झाली ते आज सविस्तर लिहिते, कारण डाव्या हाताने खेळणाऱ्या मुली आपल्याकडे आहेत आणि बहुतेकींना क्लबचं उजव्या हाताचं पिस्तूलच वापरावं लागतं.

आधी पिस्तुलाबद्दल. हे बैकालचं ४६ एम, दहा मीटर एअर पिस्तूल, रशियातल्या इझेव्हस्क शहरात बनलेलं. ते मी विचार करून निवडलं. आजची बहुतेक स्पर्धेची पिस्तुलं सिलिंडरवर चालतात. त्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाची हवा भरावी लागते. ती भरायला डायव्हिंगची टाकी, कॉम्प्रेसर किंवा खास हातपंप लागतो, आणि सिलिंडरला वापराची मुदतही असते. गावात यातलं काहीच नाही. ४६ एमला नळीखाली एक लांब दांडा असतो. तो पुढे उघडून परत मिटला की एका गोळीपुरती हवा दाबली जाते. प्रत्येक गोळीला एकदा दांडा मारायचा. वीज नको, टाकी नको. शिवाय दांडा मधोमध खाली असल्यामुळे डाव्या हाताने खेळणाऱ्याला तो अडत नाही.

गावात पिस्तूल म्हटलं की लोक दचकतात, म्हणून कायद्याचं इथेच सांगते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत कॅलिबर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. माझ्या पिस्तुलाची गोळी साधारण अर्ध्या ग्रॅमची आणि वेग सेकंदाला १४० मीटरच्या आसपास. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, हे गणित मी नववीच्या वर्गाकडून फळ्यावर करून घेतलं. उत्तर आलं पाच ज्यूलच्या जवळ. म्हणजे मर्यादेच्या पाव हिश्शाला. तरी घरी आणल्यावर मी आधी पोलीस पाटलांना पावती दाखवली. परवाना लागत नाही याचा अर्थ ते खेळणं आहे असा होत नाही. पाच ज्यूलमध्ये डोळा जातो. पिस्तूल हातात घेतलं की नळी सुरक्षित दिशेला, गोळी नाही याची खात्री, बोट ट्रिगरच्या बाहेर. हे मी एनसीसीत पॉइंट टूटू रायफलवर शिकले, आणि ते मोडायची मुभा मी कुणालाच देत नाही, स्वतःलाही नाही.

दुसरा प्रश्न घरोघरी विचारला गेला: यानं रानडुकरं हाकलता येतील का? वानेरं तरी? नाही. पाच ज्यूलची गोळी रानडुकराला नुसती जखम करील, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, तो लागू आहे. पिकाचं नुकसान खरं आहे, रात्र-रात्र जागल करणाऱ्या माणसाचा राग मला समजतो, पण त्याचा इलाज हे पिस्तूल नव्हे. ते कागदावरच्या काळ्या वर्तुळासाठी आहे.

पिस्तूल हातात आलं तेव्हा त्याच्या अंगावर बरेच ओरखडे होते. नळीच्या एका बाजूला लांब पांढरी रेघ, दांड्याच्या टोकाला रंग उडालेला, आणि पेटीच्या बिजागरीला घासून पडलेला एक खोल चरा. यातलं काही नेमाच्या आड येत नाही. नळीच्या आतला गाभा स्वच्छ होता, तोंडाची कड गोल आणि अखंड होती, सील हवा धरत होती. जुनं पिस्तूल घेताना बघायच्या गोष्टी या. बाहेरचे ओरखडे बघून किंमत पाडून मागायची आणि मनातल्या मनात खूष व्हायचं.

पण ओरखडा तसाच ठेवला तर आपल्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. पोलादावर जो निळसर काळा थर असतो त्याला ब्लूइंग म्हणतात. तो रंग नाही. ते लोखंडाचंच ऑक्साइड आहे, मॅग्नेटाइट, पातळ पण घट्ट चिकटलेलं. तांबडा गंज हेही लोखंडाचं ऑक्साइड, पण ते पोकळ, सुटणारं, ओल धरून ठेवणारं. एक थर लोखंडाला राखतो, दुसरा खातो. ओरखडा पडला की पहिला थर तुटतो आणि दुसऱ्याला वाट मिळते.

काम सुरू करण्याआधी मी एक साधी गोष्ट केली. प्रयोगशाळेतला चुंबक घेऊन पिस्तुलाच्या प्रत्येक भागाला लावून बघितला. जिथे चिकटला तिथे पोलाद, जिथे नाही तिथे अल्युमिनियमचा मिश्रधातू. कारण बाटलीत मिळणारं कोल्ड ब्लू, म्हणजे न तापवता लावायचं ब्लूइंगचं द्रावण, फक्त पोलादावर चालतं. अल्युमिनियमवर त्याचे नुसते डाग पडतात. तिथे काळ्या इनॅमलचा बारीक कुंचला बरा.

पोलादावरच्या ओरखड्यांचं असं केलं. मूठ आणि साइट (नेम धरायचा पुढचा काटा आणि मागची खाच) काढून ठेवल्या. ओरखड्याच्या कडा चारशे नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने, मग सहाशेने, मग हजारने, नळीच्या लांबीच्या दिशेनेच घासल्या. आडवं घासलं की नवीन रेघा जुन्यांपेक्षा जास्त दिसतात. मग ॲसिटोनने पुसून घेतलं. बोटाचा तेलकट ठसा जरी राहिला तरी रंग तिथे धरत नाही, म्हणून हातमोजे. हातमोज्यांना आणखीही कारण आहे: त्या द्रावणात सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात आणि ते विषारी आहेत. अंगणात बसून, पोरांना आत पाठवून, कापसाच्या बोळ्याने एका दिशेने लावलं. मिनिटभरात राखाडी, मग काळपट निळं. पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, बारीक स्टील वूल हलक्या हाताने फिरवायची, परत लावायचं. हवा तेवढा काळेपणा येईपर्यंत हेच. शेवटी पातळ तेलाचा हात देऊन रात्रभर ठेवलं.

कोल्ड ब्लू मूळच्या थराइतकं टिकत नाही, हे आधीच समजून घ्यावं. कारखान्यातलं ब्लूइंग कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात, पाण्याच्या उकळबिंदूच्या बऱ्याच वर होतं. ते घरी करायची गोष्टच नाही. म्हणून मी पूर्ण नळी नव्याने काळी करण्याच्या नादी लागले नाही. जिथे तुटलंय तिथेच जोडलं. बिजागरीचा तो खोल चरा तर तसाच ठेवला. तो निघेपर्यंत घासायचं तर आजूबाजूचं चांगलं पोलाद खरवडावं लागलं असतं. त्याच्या तळाशी काळा रंग बसला, तेल बसलं, पुरे. अनुक्रमांकाच्या आसपास पॉलिश पेपर अजिबात नेला नाही. नळीच्या तोंडाच्या कडेला आणि मागच्या खाचेच्या कोपऱ्यांनाही नाही. ती कड सूतभर जरी झिजली तरी गोळीचा मार्ग बदलतो, आणि खाचेचे कोपरे चकचकीत झाले की उन्हात नेम दिसत नाही. हवा दाबायच्या सिलिंडरमध्ये साधं तेल जाऊ द्यायचं नाही. तिथल्या सीलला सिलिकॉनचं, तेही थेंबभर.

इथपर्यंतचं काम कुणीही निवांत बसून करू शकतं. खरा विषय मुठीचा.

उजव्या हाताची शरीराप्रमाणे घडवलेली मूठ डाव्या हातात धरून बघा. उजव्या हाताच्या तळव्याला भरावा म्हणून एका बाजूला लाकडाचा फुगवटा असतो, तो डाव्या हाताच्या बोटांखाली येतो. बोटांसाठी कोरलेली पोकळी आपल्या तळव्याखाली येते आणि तळवा अधांतरी राहतो. अंगठ्याची बैठक भलत्याच बाजूला. मग पिस्तूल सरळ धरायला मनगट पिळावं लागतं. आणि पिळलेलं मनगट स्थिर राहत नाही, ते मूळ जागी परतायला बघतं, नेमकं ट्रिगर दाबताना.

हे किती महाग पडतं त्याचंही गणित आहे. माझ्या पिस्तुलात पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३६ सेंटीमीटर. लक्ष्य १० मीटरवर. म्हणजे पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली तर लक्ष्यावर २८ मिलिमीटर सरकते. दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ १६ मिलिमीटरने मोठं. मधोमध जाणारी गोळी तेवढ्यानं सातात जाते. हात थोडा हलला, पण साइट एकमेकींशी सरळ राहिल्या, तर एवढं नुकसान होत नाही. मनगट वळलं की होतं. आणि मनगट वळतं मुठीमुळे. नवशिक्या मुलींना प्रशिक्षक सांगत असतात, "मनगट ताठ ठेव." अरे, पण मूठच उलटी असेल तर ती बिचारी काय ताठ ठेवणार?

वाढईकाका आमच्या गावात वखर, डवरे, बैलबंडीचं काम करतात. आता लोखंडी अवजारं आली, ट्रॅक्टर आले, त्यांचं काम कमी झालं. पण तान्ह्या पोळ्याला लहान मुलांचे लाकडी नंदीबैल अजूनही त्यांच्याच हातचे. मी त्यांचे बैल बघितलेले होते. वशिंडापासून मानेपर्यंत उतरणारा जो बाक असतो तो ते माप न घेता काढतात आणि दोन्ही बाजूंनी सारखा येतो. ज्याला बैलाची मान लाकडात उतरवता येते त्याला हाताचा तळवा उतरवता येईल, असं मला वाटलं. पोळा झाल्यावर त्यांना वेळ असतो. मूठ सुटी करून पदराखाली नेली, पिस्तूल घरीच ठेवलं.

काकाजींनी मूठ उलटसुलट करून पाहिली. "सूनबाई, हे तं उजव्या हाताचं आहे. तुमी तं डाव्या हातानं लिहिता, शाळेत पाह्यलं म्या." मग म्हणाले, "हे रुमन्यावानीच आहे. मानसाच्या हाताले बसलं पाह्यजे, नाही तं दिवसभऱ्यात हाताले फोड येते." नांगराचं रुमणं आयुष्यभर घडवलेल्या माणसाला मुठीचं तत्त्व मी काय समजावणार होते? मी सोबत एक कागद नेला होता, त्यावर जुन्या मुठीची उलटी आकृती काढलेली. त्यांनी तो बाजूला ठेवला. "मले मूठ नोका दाखवू, हात दाखवा."

तर ठरलं असं. आधी त्यांनी एका साध्या लाकडाचा बारीक गाभा बनवला, पिस्तुलाच्या सांगाड्यावर बसेल एवढाच. तो मी घरी नेऊन पिस्तुलाला लावला, त्यावर कुंभारवाड्यातून आणलेली मळलेली माती थापली, आणि नेमाला उभी राहते तशी उभी राहिले. खांदा सैल, कोपर सरळ, मनगट ज्या कोनात आपोआप राहतं त्याच कोनात. मग बोटं मिटली. मातीत माझ्या हाताची छाप उतरली: तळव्याचा मांसल भाग किती आत जातो, करंगळी कुठे संपते, अंगठा किती उंचावर विसावतो. माती वाळली की आकसते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून तशीच काकाजींकडे पोचवली.

लाकडाचा प्रश्न होता. परदेशात मुठींना अक्रोडाचं लाकूड वापरतात. ते फार जड नाही, बारीक कोरता येतं आणि हवामानाने फारसं वळत नाही. आपल्याकडे शिसव सुंदर, पण जड. बाभूळ बळकट, पण चिरते. सागवानाची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो, अक्रोडाच्या आसपासच, आणि पाणी-उन्हात आकसण्या-फुगण्याला साग सगळ्यात कमी. परतवाडा आमच्यापासून दूर नाही. मेळघाटच्या सागवानाचा तिथला बाजार सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक. मी तिथून नवीन तुकडा आणते म्हटलं तर काकाजी नाही म्हणाले. "नव्या लाकडाच्या आंगात पानी असते. जुनं पाहा लागते." आमच्या वाड्याची पडवी पाडली तेव्हाची एक सागवानी चौकट गोठ्याच्या आढ्याला पडून होती. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पडून राह्यन्यापरीस तुह्या हातात येऊ दे." चौकटीच्या उभ्या तुकड्यातून ठोकळा निघाला. वरचा मळकट थर रंध्याने उतरला आणि आतून मधासारखा सोनेरी साग निघाला. त्याचा तो चामड्यासारखा, किंचित तिखट वास कितीतरी वेळ अंगणभर होता.

आता या कामातली एक मेख. बाहेरून मूठ उजव्या मुठीच्या उलट असायला हवी, पण आतली खाच सुलटीच. कारण पिस्तुलाचा सांगाडा तोच आहे, तो काही डावा झालेला नाही. नुसती आरशातली प्रतिमा कोरली असती तर मूठ बसलीच नसती. म्हणून आधी आतली खाच पूर्ण करायची, ती सांगाड्यावर घट्ट बसली की मगच बाहेर हात लावायचा. हा क्रम महत्त्वाचा. आतलं माप केसभर चुकलं तर ठोकळा फेकता येतो. बाहेरचं सगळं कोरून झाल्यावर आत चुकलं तर सगळी मेहनत जाते.

खाच बसवण्यासाठी काजळ वापरलं. काजळ एरंडेलात कालवून सांगाड्याला पातळ लावायचं, ठोकळा दाबायचा, काढायचा. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे ते अडतंय. तेवढंच पटाशीने खरवडायचं. परत लावायचं, परत दाबायचं. सुरुवातीला काळे ठिपके दोन-चार जागी उमटतात, मग पसरत जातात, शेवटी सगळीकडे सारखा राखी छाप येतो. तेव्हा समजायचं की लाकूड सगळीकडून टेकलं. हा भाग माझ्या घरी, माझ्यासमोर झाला, कारण पिस्तूल बाहेर न्यायचं नव्हतं. गोळी नाही, नळी भिंतीकडे, दांडा उघडा. काकाजी एकेका दाबाला थांबून कान देत होते. लाकूड बरोबर बसलं की आवाज बदलतो म्हणे. मला तो आवाज ऐकू आला नाही, त्यांना आला.

बाहेरचं कोरीवकाम वाकसाने सुरू झालं आणि कानसीवर संपलं. मी मोजपट्टी घेऊन बसले होते, कारण नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं, आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅम उचलणारा हवा. मुठीच्या बाबतीत अडचण होते ती ५० मिलिमीटरची. तळव्याचा फुगवटा थोडा वाढला की पेटीच्या बाहेर. काकाजींना मिलिमीटर चालत नाही, त्यांचं माप सुतात. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत. ५० मिलिमीटर म्हणजे दोन इंचाला पाव सूत कमी. एवढं सांगितलं आणि पुढे त्यांना काही सांगावं लागलं नाही. मी शाळेच्या कार्यशाळेत प्लायवूडची त्या मापाची पेटी करून घेतली, तिच्यात मूठ लावलेलं पिस्तूल खडखडत नाही पण अडतही नाही.

नियमांत आणखी काही आहे जे कोरण्याआधी माहीत हवं. मुठीचा कोणताही भाग हाताला वेढा घालता कामा नये. मनगट मोकळं दिसलं पाहिजे, त्याला लाकडाचा टेका मिळता कामा नये. तळहाताच्या खालच्या कडेला जी फळी असते, वर-खाली सरकणारी, ती मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करून हात आवळून धरेल अशी चालत नाही. त्या फळीसाठी काकाजींनी चौकटीचाच उरलेला तुकडा घेतला आणि स्क्रूसाठी लांबट खाच ठेवली.

एका जागी मी हट्ट धरला. ट्रिगरच्या बोटाखाली लाकूड नको. ते बोट मुठीला कुठेही टेकलं तर ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ओढला जातो. उरलेली तीन बोटं आणि तळवा मूठ धरतात, अंगठा नुसता विसावतो, आणि पहिलं बोट एकटं, मोकळं चाललं पाहिजे. काकाजींना तिथला बाक पूर्ण हवा होता, दिसायला तो चांगलाच दिसला असता. मी बोट हलवून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि तिथलं लाकूड खोल उतरवलं.

मूठ जमली की नाही याची परीक्षा गोळी न घालता घरीच होते. भिंतीवर काळं वर्तुळ लावायचं, उभं राहायचं, डोळे मिटायचे, हात उचलून नेमाला आणायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली तर मूठ तुमच्या हाताची. डावीकडे-उजवीकडे दिसली तर मूठ मनगटाला फिरवतेय. वर-खाली दिसली तर मुठीचा कोन चुकतोय. माझी साइट आधी खाचेच्या उजव्या भिंतीला टेकत होती. तळव्याच्या बाजूचं लाकूड कानसीने पातळ उतरवत गेलो, दर वेळी डोळे मिटून बघत गेलो, तशी ती मध्ये आली. अंगठ्याच्या बुडाशी पोकळी राहिली होती, तिथे एम-सील भरून ओल्या बोटाने हाताबरोबर दाबून घेतलं. वाळल्यावर पॉलिश पेपर. पुष्कळ नेमबाज असंच करतात, त्यात कमीपणा नाही. लाकूड काढता येतं, घालता येत नाही, तिथे हा भराव उपयोगी.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. घामेजल्या हातात गुळगुळीत लाकूड सरकतं. म्हणून बोटांच्या आणि तळव्याच्या जागी खिळ्याचं टोक बोथट करून बारीक, दाट ठिपके ठोकले. काकाजींना हे पसंत नव्हतं, एवढ्या चांगल्या सागवानाला देवी आल्यासारखं करता म्हणाले. पण पकडून बघितल्यावर त्यांचीही समजूत पटली.

तेल जवसाचंच. परदेशी पुस्तकांत मुठीला लिनसीड ऑइल लावा असं असतं, ते म्हणजे आपलं जवस. आपल्या भागात चटणी होते ती. घाण्याचं कच्चं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतं, म्हणून ते वाळायला दिवस लागतात. घाई केली की चिकट राहतं. सागवानात स्वतःचं तेल असतं, ते वरच्या तेलाला वाळू देत नाही, म्हणून आधी ॲसिटोनने पुसून लगेच पहिला हात द्यायचा. अगदी पातळ. अर्ध्या तासाने जास्तीचं पुसायचं, आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा हात नाही. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्यांतून उष्णता निघते आणि ढिगाऱ्यात ती कोंडली की फडकी आपोआप पेट घेतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. कडब्याच्या गंज्या आणि कापसाच्या खोल्या असलेल्या आपल्या घरांत तर नक्कीच.

अमरावतीला रेंजवर पहिल्यांदा ही मूठ लावून उभी राहिले तेव्हा पहिल्या काही गोळ्यांतच कळलं की खांद्यापासून साइटपर्यंत एकच रेघ आहे. आधी गोळ्या एका बाजूला पसरत, आता त्या मध्याभोवती जमू लागल्या. गुण वाढले, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ७५ मिनिटांत ६० गोळ्यांचा पूर्ण सामना खेळूनही मनगट दुखलं नाही. पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरने याच प्रकारात कांस्य घेतलं तेव्हा आमच्या शाळेच्या मुली टीव्हीपुढे होत्या. त्याआधी टोकियोत तिचं पिस्तूलच ऐन सामन्यात बिघडलं होतं. मुलींना मी हेच सांगते की हत्याराची निगा हा खेळाचाच भाग आहे, त्यात वेळ गेला तर सराव बुडाला असं समजू नका.

पावसाळ्यात पिस्तूल पेटीतल्या स्पंजमध्ये बंद ठेवत नाही. स्पंज ओल धरतो आणि ज्या ओरखड्यांना नव्याने काळं केलं तिथेच आधी लालसर ठिपके येतात. कपाटात, कुलपात, सुती कापडावर ठेवते, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. त्या उन्हात किंवा तव्यावर मंद आचेवर वाळवल्या की परत कामाला येतात. मूठ जुलैत किंचित फुगते, सागवान असूनही. स्क्रू थोडा जड जातो, पण साइट जागची हलत नाही. दर पंधरवड्याला काजळाची परीक्षा पुन्हा करून बघते.

जुनी उजव्या हाताची मूठ मी टाकली नाही. तिच्यावरचं गडद व्हार्निश खरवडून काढलं, तिलाही जवसाचं तेल दिलं, कारण आठवीतली एक मुलगी, उजव्या हाताची, आता माझ्याबरोबर शिकते आहे. तिचा हात माझ्याहून लहान, म्हणून त्या मुठीच्या तळव्याच्या बाजूला एम-सीलचा भराव घालावा लागला. मूठ बदलली की साइटही बदलावी लागते, कारण ती आणि मी एकाच खाचेतून वेगळं बघतो. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे: तिच्यासाठी मागची साइट किती क्लिक डावीकडे, किती वर, आणि माझ्यासाठी किती परत. येत्या सुट्टीत वाढईकाका तिच्या हाताची माती बघायला येणार आहेत. चौकटीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे.